देव एक झाला, पण दगड कोणी वाहिले?

एकच देव आहे, ही कल्पना जगाला सर्वप्रथम ज्यू लोकांनी दिली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांनी ती जगभर नेली, हेही खरे. परंतु ज्यू धर्म आकाराला येण्याच्या कितीतरी शतके आधी इजिप्तच्या एका राजाने बाकी सर्व देवांना बाजूला सारून एकाच देवाची स्थापना केली होती. त्या राजाचे नाव अखेनातेन. त्याची कहाणी केवळ प्राचीन इतिहासाची हौस म्हणून वाचायची नाही. देवांची संख्या कमी झाली म्हणजे माणसाची गुलामगिरी कमी होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्या कहाणीत दडलेले आहे.

इ. स. पू. १३५३ च्या सुमारास इजिप्तच्या अठराव्या राजवंशातील चौथा आमेनहोतेप गादीवर आला. त्यावेळी थीब्ज नगरीत आमुन या देवाचा मोठा दबदबा होता. राजे परदेश जिंकून येत आणि लुटीचा वाटा कार्नाकच्या आमुन मंदिराला देत. जमीन, गुरे, धान्याची कोठारे, सोने आणि युद्धकैदी यांचा ओघ मंदिराकडे सुरू होता. राजा कोणी व्हावे, याचाही कौल आमुन देतो अशी समजूत होती. हातशेपसुत राणी आणि तिसरा थुतमोस या दोघांनीही आपल्या राज्याधिकाराला आमुनच्या कौलाचा आधार घेतला होता. देवाचा कौल म्हणजे शेवटी कोणाचा कौल, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही! देव बोलत नसतो, त्याच्या वतीने पुरोहित बोलत असतो.

या राजाने त्या पुरोहितशाहीवरच घाव घातला. आतेन म्हणजे आकाशात दिसणारे सूर्याचे बिंब. हा देव नवा नव्हता. त्याच्या बापाच्या काळीच, म्हणजे तिसऱ्या आमेनहोतेपच्या दरबारात, त्याचे महत्त्व वाढले होते. बापाने आपल्या राजनौकेला ‘तेजस्वी आतेन’ असे नाव दिले होते. परंतु मुलाने आतेनला एकमेव केले. राज्याच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास त्याने आमुनचे नाव असलेले आपले जुने नाव टाकले आणि अखेनातेन हे नाव घेतले. थीब्जही सोडले. नाईलच्या पूर्व काठावर, आज ज्याला अमर्ना म्हणतात त्या ओसाड जागी, त्याने नवी राजधानी वसवली. ही जमीन पूर्वी कोणत्याही देवाची किंवा देवीची नव्हती, असे त्याने सीमेवरच्या शिलालेखांत आवर्जून कोरून ठेवले. पुढे तर आमुनचे नाव जिथे दिसेल तिथे छिन्नीने खोडण्याची मोहीम निघाली. स्वतःच्या बापाच्या नावातील ‘आमुन’ही त्याने सोडला नाही. काही ठिकाणी ‘देव’ या शब्दाचे अनेकवचनही खोडले गेले.

नव्या देवाला माणसाचे किंवा पशूचे शरीर नव्हते. सूर्याचे बिंब, त्यातून खाली येणारे किरण आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक हात, एवढीच त्याची खूण. मंदिरेही बदलली. जुन्या मंदिरांत अंधाऱ्या गाभाऱ्यात मूर्ती कोंडलेली असे आणि तिच्याजवळ पुरोहिताशिवाय कोणी जाऊ शकत नसे. नव्या मंदिरांना छप्परच नव्हते. आय या अधिकाऱ्यासाठी खोदलेल्या कबरीत आतेनचे मोठे स्तोत्र कोरलेले आहे. हा देव इजिप्तचाच नव्हे तर परदेशी लोकांचाही पोशिंदा आहे, भाषा आणि कातडीचा रंग वेगळा असला तरी सर्व त्याचीच निर्मिती आहेत, असा त्याचा आशय आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मानाने हा विचार निश्चितच मोठा होता. म्हणूनच अमेरिकन विद्वान ब्रेस्टेड यांनी अखेनातेनचा फार गौरव केला.

परंतु गौरव करणाऱ्यांनी राजाच्या शिलालेखांकडे जेवढे पाहिले, तेवढे मजुरांच्या हाडांकडे पाहिले नाही.

पहिला प्रश्न मध्यस्थाचा. आमुनचे पुरोहित गेले, मग माणूस आणि देव यांच्यामधली भिंत पडली काय? मुळीच नाही. त्याच स्तोत्रात म्हटले आहे की आतेनला त्याच्या पुत्राशिवाय, म्हणजे राजाशिवाय, कोणीही ओळखत नाही. चित्रे पाहा. किरणांचे हात जीवनाचे चिन्ह कोणाच्या नाकाशी धरतात? राजाच्या आणि नेफरतिती राणीच्या. सामान्य माणसाच्या नाकाशी एकही हात पोहोचत नाही. श्रीमंतांच्या घरात राजकुटुंबाचे चित्र कोरलेल्या शिळा पूजेला ठेवलेल्या सापडल्या. म्हणजे हजार दलालांच्या जागी एकच दलाल आला आणि तो स्वतः राजा होता! पुरोहितशाही मोडली, परंतु पुरोहिताची जागा मोडली नाही. गरीब माणसाने मात्र आपले जुने देव सोडले नाहीत. बाळंतिणीची राखण करणारी तावेरेत, लहान मुलांना जपणारा बुटका बेस यांचे ताईत आणि मूर्ती याच राजधानीच्या घरांत सापडल्या आहेत. राजाचा देव आकाशात होता. बाळंतपणाच्या रात्री तो उपयोगाचा नव्हता.

दुसरा प्रश्न कष्टाचा. ओसाड वाळवंटात काही वर्षांत राजधानी उभी राहिली ती कोणाच्या बळावर? राजाला घाई होती. म्हणून सुमारे ५२ सेंमी लांब आणि २६ सेंमी रुंद असे एका माणसाला उचलता येतील एवढे दगड कापण्यात आले. असा एक दगड सत्तर किलोच्या आसपास भरतो. ‘एका माणसाला उचलता येईल’ हे लिहायला सोपे आहे. उचलणाऱ्याच्या पाठीचे काय झाले?

याचे उत्तर जमिनीतूनच आले. बॅरी केम्प यांच्या नेतृत्वाखालील पथकाने २००६ ते २०१३ या काळात अमर्नाच्या दक्षिणेकडील सामान्य लोकांची दफनभूमी खोदली. चारशेहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले. लोक बुटके होते, हाडांवर कुपोषणाच्या खुणा होत्या, ओझी वाहून मणके आणि सांधे झिजलेले होते. काहींच्या खांद्याच्या हाडावर भोसकल्याच्या जखमा होत्या. शंभर फटके आणि पाच जखमा ही प्राचीन इजिप्तमधील शिक्षा, तिच्याशी या खुणा जुळतात. २०१५ पासून उत्तरेकडील दफनभूमी खोदली गेली तेव्हा तर अभ्यासकही हादरले. तपासलेल्या सांगाड्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ७ ते २५ वर्षे वयाचे होते आणि त्यातील बहुसंख्य पंधरा वर्षांच्या आतले! अनेकांना एकाच खड्ड्यात, साध्या चटईत गुंडाळून पुरलेले. सोबत पुरलेल्या वस्तू जवळजवळ नाहीतच. मुलांच्या मणक्यांवर जड कामाच्या खुणा. ही नगरी उभारण्यासाठी राबवलेली कोवळी पोरे असावीत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

आणि त्याच नगरीतल्या आतेनच्या मोठ्या मंदिरात नैवेद्याचे शेकडो ओटे मांडलेले होते. भाकरी, मांस, मद्य यांनी भरलेले ते ओटे कबरींच्या भिंतींवर रंगवलेले आहेत. देवासमोर अन्नाच्या राशी आणि देवाचे घर बांधणाऱ्याच्या हाडात उपासमार! देवाचे ऊन तरी सर्वांना सारखे होते काय? असिरियाच्या राजाने इजिप्तच्या राजाला पाठवलेले एक पत्र अमर्नाच्या मातीच्या पाट्यांमध्ये सापडले आहे. माझ्या दूतांना उन्हात उभे करून का मारता, असा त्याचा जाब आहे. उन्हात उभे राहण्यात राजाचा फायदा असेल तर राजाने खुशाल उभे राहावे, असा टोलाही त्याने मारला आहे.

इ. स. पू. १३३६ च्या सुमारास अखेनातेन गेला आणि काही वर्षांतच सर्व उलटले. बालराजा तुतनखातेनचा तुतनखामुन झाला. आमुनचे पुरोहित परत आले, मंदिरांना नवी दाने मिळाली, राजधानी ओस पडली. होरेमहेबने आतेनच्या मंदिरांचे दगड काढून कार्नाकच्या नव्या प्रवेशद्वारांच्या पोटात भरले. राजांच्या याद्यांतून अखेनातेनचे नाव वगळले गेले. पुढच्या एका कागदपत्रात तर त्याचा उल्लेख ‘शत्रू’ असा येतो. वरून लादलेला धर्म वरचा माणूस गेला की जातो. त्याच्यासाठी रडायला खालचा माणूस नव्हता, कारण खालच्या माणसाला त्याने काहीच दिले नव्हते.

मग ज्यू धर्माने ही कल्पना येथूनच उचलली काय? मोझेस हा आतेनचा इजिप्शियन अनुयायी होता, असे सिग्मंड फ्रॉईड यांनी १९३९ साली मांडले. इतिहासकार ते मान्य करत नाहीत. ‘इस्राएल’ हे नाव प्रथम इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या मेर्नेप्ताहच्या शिलालेखात येते. तोवर अखेनातेन जाऊन शंभरावर वर्षे उलटली होती. इस्राएली लोकही सुरुवातीला एकाच देवाला मानत नव्हते. सिनाईतील कुंतिलेत अजरूद येथे इ. स. पू. आठव्या शतकाच्या आसपासच्या लेखांत यहोवासोबत अशेरा हे नाव येते. एकाच देवाखेरीज दुसरा देवच नाही, ही ठाम भूमिका बॅबिलोनच्या बंदिवासाच्या काळात, इ. स. पू. सहाव्या शतकात, स्पष्ट होते. म्हणजे ही कल्पना त्यांनी स्वतःच्या पराभवातून घडवली.

मात्र एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्यूंच्या धर्मग्रंथात सात दिवसांतून एक दिवस विश्रांतीची आज्ञा आहे. ती मालकाइतकीच दासाला, दासीला आणि बैलालाही लागू आहे. कारण काय सांगितले? तुम्हीही इजिप्तमध्ये गुलाम होता, हे विसरू नका! त्या ग्रंथाने गुलामगिरी नष्ट केली नाही, हेही तितकेच खरे. परंतु राबणाऱ्याची पाठ देवाच्या आज्ञेत निदान दिसली तरी. आतेनच्या स्तोत्रात पक्षी आहेत, मासे आहेत, अंड्यातले पिल्लू आहे. दगड वाहणारे पोर मात्र नाही.

म्हणून देव एक की अनेक, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. कोणी आपल्या देवाचे मोठेपण सांगू लागला तर आपण एवढेच विचारावे की त्याचे मंदिर कोणी बांधले, बांधणाऱ्याला पोटभर मिळाले काय, आणि तो मेला तेव्हा त्याचे वय काय होते?