रोखपालाचा खटला आणि गावाची घरपट्टी

जेम्स मॅककुलॉक हा बाल्टिमोरच्या बँकेतला रोखपाल. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या माणसाविषयी जिव्हाळा वाटावा, हे साहजिकच. एखाद्या रोखपालाचे नाव देशाच्या घटनेच्या इतिहासात कायमचे नोंदले गेल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

बँक केंद्राच्या सनदेची. १८१८ साली मेरीलँड राज्याने फर्मावले, नोटा आमच्या मुद्रांकित कागदावर काढा, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर मोजा. मॅककुलॉकने दोन्ही नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी दिलेल्या निकालाचा मथितार्थ असा की, ज्याला कर लावता येतो त्याला समोरच्याचा गळाही आवळता येतो. सबब केंद्राच्या संस्थेवर राज्याचा कर चालणार नाही. (पुढे याच रोखपालावर बँकेच्या पैशांवरून खटला झाला आणि तो सुटला, ते असो.)

भांडण मुळात जुने. १७८१ च्या करारनाम्याने केंद्राला कर बसवण्याचा अधिकारच दिला नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचे आणि ती देतील ते घ्यायचे. १७८७ ची घटना या ओढगस्तीतून जन्मली. तरी १७९१ मध्ये हॅमिल्टनने राष्ट्रीय बँकेचा घाट घातला तेव्हा जेफरसनचा आक्षेप होताच, की घटनेने असा अधिकार दिलाय कुठे? वॉशिंग्टनने अखेर विधेयकावर सही केली.

आपल्या घटना समितीत हा वाद अधिक बोचरा झाला, कारण त्यात खेडे होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याला घटनेचा पाया मानायला साफ नकार दिला. अनेक सभासद दुखावले. पण मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव होऊन, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करूनही, १९२७ मध्ये ज्यांना त्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांना स्थानिक स्वायत्ततेचे कौतुक कोणी सांगावे? त्यांना दाद मागायला गावाबाहेरची सत्ताच हवी होती. हे म्हणणे मला आजही खोडता येत नाही. तरी त्याच महिन्याच्या २२ तारखेला के. संथानम यांची ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती आंबेडकरांनी स्वीकारली. तेच आजचे ४० वे कलम.

माणसाच्या हक्काचा निवाडा वरच व्हावा. पण गटाराचा?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले. थैलीचे काय? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळातल्या पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के निधी ‘बंधित’ ठेवला, पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. हेतू चांगलाच. पण समजा, भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीच्या ग्रामसभेला वाटले की यंदा स्मशानाकडे जाणारा रस्ता आधी हवा, तर त्या पैशाला हात लावता येत नव्हता.

याच तालुक्यात राहनाळ, काल्हेरकडे गोदामे उभी राहिली. तिथे घरपट्टी लावायला मोठमोठ्या इमारती तरी आहेत. गोदामे नसलेल्या गावाला १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातली हक्काची बाब म्हणजे घरोघरची घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी. ती वसूल करायला सरपंचाला आपल्याच भावकीच्या दारात उभे राहावे लागते. निवडणूक तोंडावर असते. आणि ‘देत नाही, काय करायचे ते कर’ म्हणणारा मॅककुलॉक तिथे सख्खा चुलता निघतो.