सर्व्हर घेताना प्रोसेसर शेवटी पाहावा

छोट्या कार्यालयासाठी सर्व्हर घ्यायचा ठरला की डीलरच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर पहिल्या ओळीत असतो आणि घासाघीसही त्याच ओळीवर होते. वास्तविक दहा-बारा जणांच्या सीए कार्यालयात किंवा घाऊक व्यापाऱ्याकडे सर्व्हरने सांभाळायचा असतो तो टॅलीचा डेटा, काही एक्सेलच्या फायली आणि स्कॅन केलेली बिले. या कामात प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. सगळे एकदम एंट्री करू लागले की काम रेंगाळते ही तक्रार खरी, पण तिचे मूळ बऱ्याचदा डिस्कमध्ये सापडते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती नोंद हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय हेड जागेवर सरकण्यात वेळ जातो तो वेगळाच. विखुरलेल्या नोंदी सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचून होतात. साधी एसएसडीदेखील हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. महागड्या प्रोसेसरचे पैसे एसएसडीकडे वळवले तर फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

मात्र वेग हा या खरेदीतला दुय्यम मुद्दा आहे. यंत्र बंद पडले तर कार्यालय किती तास थांबेल आणि किती नोंदी कायमच्या जातील, हे आधी ठरवायला हवे. ‘सर्व्हरची डिस्क सहसा जात नाही’ हा भरवसा इथे आड येतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्या सांगत असलेल्या आयुर्मानानुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे प्रमाण नेहमीचे आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. महागड्या डिस्क साध्या साटा डिस्कपेक्षा कमी बदलाव्या लागतात, असेही त्यांना दिसले नाही. तेव्हा डिस्क जाणारच असे धरून दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारी ‘रेड १’ रचना करणे शहाणपणाचे.

पण रेड म्हणजे बॅकअप, ही त्याच्या पुढची आणि जास्त घातक समजूत. रेड फक्त एका डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेला डेटा दोन्हीकडे सारखाच कुलूपबंद होतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी त्या उपयोगी पडल्या नाहीत. सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीवर सुटका झाली आणि मधल्या वेळचा डेटा गेला तो गेलाच. ही तर संगणकावरच जगणारी कंपनी! आपल्याकडे नोंदणीकृत कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. कोटेशनमध्ये बॅकअपची ओळ एका बाह्य डिस्कपुरतीच असेल, आणि तीही कायम सर्व्हरला जोडलेली राहणार असेल, तर ते कोटेशन अपुरे आहे.

मग चांगला डेस्कटॉपच का नको, असा आक्षेप येतो. तो निम्मा बरोबर आहे. चार-पाच जणांच्या कार्यालयाला दोन एसएसडी आणि नीट बॅकअप असलेला डेस्कटॉप पुरतो; भंगाराच्या भावात मिळणाऱ्या जुन्या रॅक सर्व्हरपेक्षा तो बराही. असा जुना सर्व्हर सतत १५० वॅट घेत असेल तर वर्षाला १,३०० हून जास्त युनिट जळतात, तेही व्यापारी दराने, आणि पंख्यांची घरघर शेजारच्या टेबलाला रोज ऐकावी लागते. पण डेस्कटॉपवरच्या विंडोज ११ ला एका वेळी वीसच जोडण्या चालतात. शिवाय खऱ्या सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी असते. गूगलच्या संगणकांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मोड्यूलमध्ये चुका नोंदल्या गेल्या होत्या. ईसीसी एका बिटची चूक जागीच दुरुस्त करते. ती नसेल तर बिघडलेला आकडा गुपचूप डिस्कवर जाऊ शकतो आणि बॅकअपमध्येही तोच बसतो. सर्व्हरसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर ते यासाठी मोजावेत.

क्लाउडवर टाकले की सगळे मिटते, असेही म्हणतात. ईमेलपुरते ते पटते. मात्र फायली नुसत्या सिंक होत असतील तर पुसलेली फाइल तिथूनही जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात हे विचारून घ्यावे. इन्व्हर्टर असताना यूपीएस कशाला, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: इन्व्हर्टर वीज देतो, पण बॅटरी संपत आल्याचे सहसा सर्व्हरला कळवत नाही. यूएसबी केबलने जोडलेला यूपीएस ते कळवतो आणि सर्व्हर रीतसर बंद होतो. बिल चुकते करण्याआधी डीलरला समोर बसवून रेडमधली एक डिस्क काढायला लावावी, मग आदल्या दिवशीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायला सांगावे. या दोन्हींना तयार नसलेल्या डीलरचा सर्व्हर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.