मूळ नक्षत्राच्या दिशेला नेमके आहे तरी काय?

सोलापुरातील वस्त्यांमध्ये काम करताना लग्न मोडल्याच्या गोष्टी आम्ही नेहमी ऐकतो. हुंडा, नोकरी, रंग. मागच्या उन्हाळ्यात मात्र एका बौद्ध कुटुंबातील मुलीचे ठरत आलेले स्थळ फिरले, ते तिचा जन्म मूळ नक्षत्रावरचा निघाला म्हणून. अशी मुलगी सासऱ्याला वाईट, हा समज. लग्न बुद्धवंदना घेऊन लावायचे आणि त्याआधी पत्रिका गुपचूप दाखवून आणायची, हे आपल्याकडे अजून चालते. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात नक्षत्रांवरून भाकिते सांगून पोट भरण्याला मिथ्या आजीविका म्हटले आहे, ते त्या बैठकीत कुणाला आठवले नाही. मुलीने आम्हाला एवढेच विचारले, "तिकडं असतं तरी काय?"

मूळ म्हणजे वृश्चिकाच्या शेपटीतले तारे. त्यांच्या शेजारीच, धनू राशीत, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. शेपटीतले तारे काही शे प्रकाशवर्षांवर आणि केंद्र २६ हजारांहून अधिक प्रकाशवर्षांवर. दिशा तेवढी जवळजवळ एक.

मधे धुळीचे प्रचंड ढग असल्याने साध्या दुर्बिणीतून हे केंद्र दिसत नाही. रेडिओ लहरी आणि अवरक्त किरण मात्र धुळीतून पार होतात. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी तिथल्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षे मोजल्या. एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो आणि केंद्राच्या सर्वांत जवळ असताना सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो. एवढ्या वेगाने काय खेचते? सुमारे ४० लाख सूर्यांइतके वस्तुमान, तेही अगदी लहान जागेत: धनू ए-तारका हे कृष्णविवर. या कामासाठी दोघांना २०२० चे नोबेल मिळाले. १२ मे २०२२ रोजी त्याभोवतीच्या तेजस्वी कड्याचे पहिले चित्र जाहीर झाले. २०२५ मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून समजले की त्याच्याभोवतीचा वायू सतत लुकलुकत असतो आणि दिवसातून अनेकदा मोठा भडका उडतो.

हे सगळे परदेशातच चालते असे नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्या ताणलेल्या तारांच्या जाळीच्या केल्या, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही उतरले. सुभाशिस रॉय आणि प्रमेश राव यांनी याच दुर्बिणीतून धनू ए-तारका ५८० मेगाहर्ट्झवर टिपला. इतक्या कमी वारंवारतेला तो तोवर सापडला नव्हता, कारण भोवतीचा तापलेला वायू अशा लहरी गिळतो. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला शाळकरी मुलांची जत्रा भरते. आपल्या मंडळांनी एखादी एसटी तिकडेही न्यावी.

राहिला सासऱ्याचा प्रश्न. आम्ही हिशेब मांडला. बाळंतपणाच्या वेळी एक मीटरवर उभ्या असलेल्या ६० किलो वजनाच्या नर्सची बाळावरची ओढ या कृष्णविवराच्या ओढीपेक्षा चार लाख पटींहून जास्त भरते. मग पत्रिकेत नर्सचे वजन का लिहीत नाहीत?

मे महिन्यातल्या अमावस्येला आम्ही काही जण शहराबाहेर, तुळजापूर रस्त्याकडच्या माळावर गेलो. मध्यरात्रीनंतर दक्षिणेला विंचवाची शेपटी स्पष्ट दिसली आणि तिच्या डावीकडे पांढुरका पट्टा. ती मुलगीही भावाला घेऊन आली होती. तिने मोबाइलवर फोटो काढला, तो पुरता काळा आला. मग मोबाइल पर्समध्ये टाकून ती बराच वेळ नुसतीच वर बघत राहिली.