मैदान झाले, आता शिकविणारा हवा

बेळगाव-निपाणी परिसराला खेळाची परंपरा नवी नाही. दिवसभराची कामे आटोपून गावच्या तालमीत यावे, लाल मातीत पोरांना डाव शिकवावेत आणि त्याबद्दल कोणाकडून पैही घेऊ नये, अशा वस्तादांची येथे पिढ्यान्‌पिढ्या चाल होती. आता तालमीच्या जोडीला सार्वजनिक क्रीडांगणे, व्यायामशाळा व जलतरण तलाव आले आहेत. उन्हाळी सुटी लागली की तेथे मुलांची झुंबड उडते. परंतु वास्तू उभी राहिली म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे नव्हे. मुले कोणाच्या हाती सोपवावयाची, हा खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

जाणत्या हाताचे महत्त्व

गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतच घडले. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्यांना रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले. मातीवरील कुस्ती आणि गादीवरील कुस्ती यांचे नियम निराळे. अंगची ताकद नव्या नियमांत कशी वापरावी, हे जाणत्याने दाखवावे लागते. लंडनला सहावे आलेल्या खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले.

अलीकडचे उदाहरण तर घरचेच आहे. बेळगावजवळील तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव या शेतकरी कुटुंबातील मुलीने बेळगावात ज्यूदोचे शिक्षण घेतले. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियातील कुस्तीप्रकारात ५२ किलो गटात तिने कांस्यपदक पटकाविले. गुण गावोगावी असतात. त्यांना वळण देणारा माणूस गावोगावी नसतो.

पात्रता कशी पाहावी?

चांगला खेळाडू हा चांगला शिक्षक असतोच असे नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला शिक्षक सर्व खेळांची ओळख करून देऊ शकतो. एका खेळाचे सखोल शिक्षण द्यावयाचे तर त्या खेळाच्या प्रशिक्षणाची पदविका किंवा प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक पाहावा. १९६१ साली पतियाळा येथे स्थापन झालेली राष्ट्रीय क्रीडा संस्था असे अभ्यासक्रम चालविते. उमेदवाराकडून प्रत्यक्ष एक तास मुलांना शिकवून घ्यावे. तो मागे पडलेल्या मुलाकडे वळतो की चपळ मुलांतच रमतो, हे त्या एका तासात कळून येते. प्रथमोपचाराचे ज्ञान मात्र सर्वांनाच अनिवार्य समजावे.

गावच्या वस्तादाला या व्यवस्थेत दूर सारू नये. त्याचा अनुभव आणि प्रशिक्षकाचे शास्त्र यांची जोड घालावी.

सुरक्षिततेत तडजोड नको

जलतरण तलावावर पोहणे शिकविणारा आणि पहारा देणारा जीवरक्षक हे दोघे निराळे असावेत. एका मुलाला धरून शिकविताना प्रशिक्षकाची पाठ इतरांकडे होते. आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, ते निमूटपणे पाण्याखाली जाते. एका माणसाचे मानधन वाचविण्यासाठी असा धोका पत्करणे योग्य नव्हे.

नेमणुकीपूर्वी उमेदवाराच्या चारित्र्याची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी व पूर्वीच्या संस्थेकडे चौकशी करावी. मुलींच्या वर्गासाठी शक्यतो महिला प्रशिक्षक नेमावी. सराव उघड्यावर, पालकांना केव्हाही येऊन पाहता येईल असा असावा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ पासून अमलात आहे. असा अपराध घडल्याचे कळताच पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. 'गावात बोभाटा नको' म्हणून गप्प बसणे हा स्वतःच गुन्हा ठरतो. मुलांना मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मैदानावर ठळकपणे लिहून ठेवावा.

करार व मानधन

नेमणूक तोंडी नसावी. कामाचे दिवस, तास, मुलांची संख्या, मानधनाची रक्कम व ती मिळण्याची तारीख कागदावर असावी. मानधन थकले की प्रशिक्षक निघून जातो, आणि अर्ध्यावर सुटलेली मुले पुन्हा मैदानाकडे फिरकत नाहीत. दोन महिन्यांच्या शिबिरावर सर्व रक्कम खर्च करण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस, पण वर्षभर वर्ग चालविणे अधिक हितावह.

निपाणीसारख्या गावात शेतात राबणाऱ्या किंवा विड्या वळून संसाराला हातभार लावणाऱ्या मातेला मुलाच्या खेळासाठी वेगळे पैसे काढणे कठीण असते. तिच्या मुलाला शिकवणीचे दार उघडे असेल ते सार्वजनिक मैदानावरच. म्हणून शाळेतील गुरुजी, नगरपालिका, ग्रामपंचायती व पालक यांनी पुढील अंदाजपत्रकात कुंपण आणि रंगरंगोटी यांच्या आधी प्रशिक्षकाच्या मानधनाची तरतूद करावी. मैदानाचे सार्थक त्यातच आहे.