विरळ आणि दुर्मिळ : परिमित संख्येच्या क्रीडामोटारींचे मोल

१

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून खालापूरचा टोलनाका हे महाराष्ट्रातील नवश्रीमंतीचे एक सोयीस्कर निरीक्षणस्थान बनले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. बाजारात ज्यांना ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणतात त्या बसक्या, रुंद, परदेशी बनावटीच्या क्रीडामोटारी याच नाक्यावरून घाटाकडे जातात. मार्गाच्या दोन्ही अंगांस, खालापूर आणि कर्जत या तालुक्यांत, मुंबईकरांनी व पुणेकरांनी फार्महाऊसांसाठी घेतलेल्या जमिनी पसरलेल्या आहेत. मोटार आणि जमीन या दोन अगदी भिन्न वस्तू होत. परंतु दोहोंविषयी बोलताना लोक एकच शब्द वापरतात, तो म्हणजे ‘गुंतवणूक’. युक्तिवादही एकच असतो. जमीन नव्याने निर्माण होत नाही, म्हणून तिचा भाव चढतो. त्याचप्रमाणे अमुक एक मोटार जगात पाचशेच आहे, म्हणून तिचा भाव उतरणार नाही.

हा युक्तिवाद कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न केवळ कोट्यधीशांचा नाही. ज्या कुटुंबांनी या तालुक्यांतील पिढीजात जमीन विकली आणि ज्यांच्या हाती एकदाच मोठी रक्कम आली, त्यांच्यापुढेही ‘पैसा कशात घालावा’ हा प्रश्न उभा असतो, आणि दारातील मोटार हे त्याचे एक मोहक उत्तर असते.

२

आरंभी काही शब्दांची फोड करणे उपयुक्त ठरेल. कारण या विषयातील बराचसा घोटाळा शब्दांच्या शिथिल वापरातून उद्भवतो. ‘विरळ’ आणि ‘दुर्मिळ’ हे शब्द सामान्य बोलण्यात समानार्थी मानले जातात. वस्तुतः त्यांच्या अर्थात महत्त्वाचा भेद आहे. विरळ म्हणजे संख्येने थोडे, तुरळक. ते वस्तूचे वर्णन होय. दुर्मिळ या शब्दात ‘मिळणे’ ही क्रिया अंतर्भूत आहे, आणि मिळणे म्हटले की मिळवू पाहणारा कोणीतरी गृहीत धरावा लागतो. ज्याचा कोणी शोधच घेत नाही ते विरळ असेल. पण त्याला दुर्मिळ म्हणणे अर्थदृष्ट्या सैल होय. निर्मात्याने पाचशे गाड्याच बनविल्या तर त्याने गाडी विरळ केली. ती दुर्मिळ करणे त्याच्या हाती नसते. ते इतरांच्या इच्छेवर अवलंबून असते.

दुसरा भेद ‘भाव’ आणि ‘किंमत’ यांतील. भाव हा एकसारख्या, परस्परांच्या जागी चालणाऱ्या वस्तूंच्या समुदायाचा असतो. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘कर्जत-३’ या भातजातीचे एक पोते दुसऱ्या पोत्याच्या जागी चालते. म्हणून त्या भाताला भाव असतो, आणि तो बाजारात जाऊन कोणासही विचारता येतो. परिमित संख्येच्या मोटारीला या अर्थाने भाव नसतोच. प्रत्येक गाडीचा पूर्वेतिहास निराळा, प्रत्येकीची अवस्था निराळी. म्हणून तिची किंमत प्रत्येक व्यवहारात नव्याने ठरते. ज्याला भाव आहे ते उद्या सकाळी विकता येते. ज्याला केवळ किंमत आहे त्याला गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते. गुंतवणुकीच्या दृष्टीने हा भेद उपेक्षणीय नाही.

३

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळू. संख्येची परिमितता हेच मूल्यधारणेचे कारण असते, तर गाड्या जितक्या कमी तितकी किंमत अधिक, असा क्रम दिसावयास हवा होता. तसा तो दिसत नाही.

इटलीच्या फेरारी कंपनीची ‘२५० जीटीओ’ ही गाडी १९६२ ते १९६४ या काळात ३६ इतक्याच संख्येने बनली. १९६२ मध्ये अमेरिकेत तिची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती; २०१८ च्या ऑगस्टमध्ये मॉन्टेरे येथील लिलावात अशी एक गाडी ४ कोटी ८४ लक्ष डॉलरांस विकली गेली. ५६ वर्षांतील ही वाढ चक्रवाढीने दरसाल सुमारे १५ टक्के पडते. आकडा दिपवणारा आहे. परंतु मधल्या काळाचा इतिहासही ध्यानात घेतला पाहिजे. शर्यतीचे दोन-चार हंगाम संपल्यावर ही गाडी ‘जुनी शर्यतीची गाडी’ यापलीकडे काही नव्हती. यांपैकी एक तर टेक्ससमधील एका शाळेला देण्यात आली होती. १९७२ मध्ये ती ६,५०० डॉलरांस विकली गेली आणि पुढे कित्येक वर्षे ओहायोमध्ये उघड्यावर पडून राहिली. १९८९-९० च्या सट्टेबाजीत याच प्रकारच्या गाडीची किंमत १ कोटी ३० लक्ष डॉलरांच्या आसपास पोहोचली, आणि चार-पाच वर्षांतच एक-चतुर्थांशाजवळ घसरली. ज्याने १९८९ मध्ये घेऊन १९९४ मध्ये विकली असेल त्याच्या दृष्टीने हीच ‘सर्वोत्तम’ गाडी सर्वनाशी ठरली असती.

त्याच कंपनीची ‘एफ ४०’ ही संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीतील अखेरची मान्यताप्राप्त गाडी. प्रारंभी सुमारे ४०० गाड्यांची योजना होती. मागणी पाहून प्रत्यक्षात १,३०० हून अधिक बनविण्यात आल्या. म्हणजे परिमिततेचा संकेत तिपटीहून अधिक ओलांडला गेला. असे असूनही तिची आजची किंमत मूळ किमतीच्या कित्येक पट आहे.

याउलट ब्रिटनच्या जॅग्वार कंपनीची ‘एक्सजे २२०’ पाहावी. १९८८ मध्ये बारा सिलिंडरांच्या इंजिनासह तिचे प्रतिरूप दाखविण्यात आले. सट्टेबाजीच्या त्या काळात ५०,००० पौंड अनामत भरून लोकांनी नावे नोंदविली. १९९२ मध्ये गाडी हाती येऊ लागली तेव्हा इंजिन सहा सिलिंडरांचे होते, किंमत करांसह ४ लक्ष ७० हजार पौंडांच्या घरात गेली होती, आणि मंदी आली होती. अनेकांनी करारातून सुटका मागितली; प्रकरणे न्यायालयात गेली. एकूण सुमारे २८० गाड्या बनल्या, म्हणजे ‘एफ ४०’ च्या एक-चतुर्थांशाहूनही कमी. तरी पुढील दशकात त्यांची किंमत मूळ किमतीच्या निम्म्याखाली राहिली. अलीकडे ती साधारणतः मूळ आकड्याजवळ परतली आहे. परंतु १९९२ पासून ब्रिटनमधील सर्वसाधारण किंमतपातळी दुपटीहून अधिक झाल्यामुळे, आकडा भरून निघाला तरी क्रयशक्ती भरून निघाली नाही.

तेव्हा ३६, २८० आणि १,३०० या संख्यांवरून किमतीचा क्रम लावता येत नाही. किंमत टिकविणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत : शर्यतीच्या मैदानावर मिळविलेला लौकिक, अखंड चालत आलेल्या निर्मात्याचे नाव, आणि एका संपूर्ण पिढीने तारुण्यात त्या गाडीविषयी बाळगलेली अभिलाषा. ती पिढी वयाने व पैशाने मोठी झाली की किंमत चढते. ती पिढी मावळल्यावर काय होईल, हा प्रश्न वेगळाच राहतो.

४

हीच कसोटी घरच्या उदाहरणांस लावून पाहू. खुद्द रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या कार्लेखिंड परिसरात, ‘चिंकारा’ या नावाने थोड्याथोड्या संख्येने हातबांधणीच्या मोटारी तयार झाल्या. त्यांतील ‘रोडस्टर’ ही लोटस सेव्हन या ब्रिटिश गाडीच्या धर्तीची असून तिला अ‍ॅम्बॅसडर गाडीत वापरले जाणारे १.८ लिटरचे इसुझू इंजिन बसविलेले होते. १९९८ मध्ये आलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लासच्या शरीराची व रेनो इंजिनाची छोटी, उघड्या टपाची मोटार. ‘डीसी अवंती’ ही २०१२ च्या दिल्लीतील वाहनप्रदर्शनात प्रकट झाली. इंजिन रेनोचेच, आणि विक्रीस आली तेव्हा किंमत साधारण ३५ लक्ष रुपयांच्या आसपास. या तिन्ही गाड्या पुरेशा विरळ आहेत. जॅग्वारपेक्षाही त्या क्वचित दृष्टीस पडतात.

परंतु त्यांपैकी एकीलाही दुर्मिळ म्हणता येईल इतके मोठे शोधकांचे वर्तुळ निर्माण झाले नाही. थोड्या हौशी मंडळींचे प्रेम त्यांना निश्चितच लाभले; मात्र किंमत चढण्यासाठी प्रेम करणाराच्या जोडीला चढाओढ करणारा दुसरा लागतो. इंजिन सर्वसामान्य गाडीचे असल्यामुळे दुरुस्ती सुलभ होते, हा गुण खरा. पण त्याच कारणाने गाडीचे अनन्यत्व केवळ बाह्य आकारापुरते उरते.

‘अवंती’ च्या संदर्भात आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. २०२० च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी कंपनीच्या संस्थापकास अटक केली. एकाच इंजिन व चासी क्रमांकावर एकाहून अधिक नोंदण्या झाल्या आणि गाड्यांवर गैरमार्गाने कर्जे उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे सिद्धी नव्हे. तथापि परिमित संख्येच्या गाडीचे मोल कशावर उभे असते, हे यातून स्पष्ट होते. ‘जगात इतक्याच आहेत’ हे विधान शेवटी कागदावरचे विधान आहे. चासीवरचा क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातील क्रमांक यांच्या अनन्य संबंधावर त्याची सत्यता अवलंबून असते. त्या संबंधाविषयी नुसती शंका उत्पन्न झाली, तरी निर्दोष गाडीच्या निर्दोष मालकासही तिची झळ पोहोचते.

५

विक्रीच्या किमतीइतकाच सांभाळण्याचा खर्च महत्त्वाचा असतो, आणि या मुद्द्याचा विचार सहसा होत नाही. मुंबईत जागा नाही म्हणून गाडी कर्जत किंवा खालापूरच्या फार्महाऊसमध्ये ठेवावी, ही कल्पना स्वाभाविक आहे. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतांशी चार महिन्यांत. हवेतील आर्द्रतेने चामड्याच्या बैठकींना बुरशी येते, विजेच्या जोडण्या गंजतात, उभ्या गाडीचे रबर कडक होते. फायबरग्लास गंजत नाही हे खरे. पण त्याखालचा पोलादी सांगाडा गंजतो. गाडी चालविली नाही तर ती बिघडते, आणि चालविली तर मैलांचा आकडा वाढून किंमत उतरते, असा हा पेच आहे.

एक काल्पनिक हिशेब घेऊ. १ कोटीची गाडी, तिचा विमा, निगा व निवारा यांवर दरसाल ३ टक्के खर्च, आणि तीच रक्कम सुरक्षित ठेवीत घातली असता मिळणारे ७ टक्के व्याज. मालकास नफा न होता केवळ बरोबरी साधावयाची, तरी किंमत दरसाल १० टक्क्यांनी वाढली पाहिजे. दहा वर्षांनी ती गाडी सुमारे २ कोटी ६० लक्षांस विकली गेली तरच तो मूळ जागी राहिला असे म्हणता येईल. आयात गाडीच्या किमतीत सीमाशुल्काचा व मार्गकराचा जो मोठा अंश असतो, तो परदेशी ग्राहक देत नाही. म्हणून तिचा ग्राहक देशातच शोधावा लागतो, आणि येथे अशा गाड्यांच्या लिलावाची परंपरा अद्याप क्षीण आहे.

कायद्यानेही कालावधीची कल्पना दिली आहे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून अधिक वयाच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनासच ‘व्हिंटेज’ म्हणून विशेष नोंदणी मिळते, आणि ते प्रदर्शन, संशोधन, मेळावा, इंधन व दुरुस्ती अशा प्रसंगांखेरीज रस्त्यावर नेता येत नाही. म्हणजे आज घेतलेल्या नव्या गाडीस तो मान मिळेल तो बहुधा नातवाच्या हयातीत.

६

जमिनीशी केलेल्या तुलनेकडे पुन्हा पाहता भेद स्पष्ट होतो. जमीन परिमित आहे ती निसर्गतः. मोटार परिमित असते ती निर्मात्याच्या वचनाने, आणि ते वचन पाळले जाईलच असे नाही, हे ‘एफ ४०’ ने दाखविले. जमीन भात पिकविते. मोटार काही पिकवीत नाही, उलट खाते. जमीन रस्ता आल्याने वाढते. मोटार रस्त्यावर आल्याने घटते. जमिनीलाही दोष आहेत : महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्याचा अधिकार कायद्याने सामान्यतः शेतकऱ्यापुरता मर्यादित असल्याने तिचेही ग्राहकवर्तुळ अमर्याद नाही. परंतु जमीन विकून मोटार घेणारा आपण एक गुंतवणूक सोडून दुसरी करीत आहो असे समजत असेल, तर ती समजूत टिकणारी नाही. तो मिळकतीची उपभोगात परिणती करीत असतो.

उपभोग निंद्य आहे असा याचा अर्थ नव्हे. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण येथे दोन्ही अंगांनी खरी ठरते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास हौसेपुढे पैशाचा हिशेब नाही; विकणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास त्याच्या हौसेचे मोल दुसरा कोणी देत नाही. ‘गुंतवणूक’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘गुंतणे’ या क्रियापदालाही हा दुहेरीपणा आहे : पैसा गुंततो, तसा जीवही गुंततो. परिमित संख्येच्या मोटारीत बहुधा जीव आधी गुंतलेला असतो आणि गुंतवणुकीचे कारण मागाहून शोधले जाते.

निष्कर्ष येणेप्रमाणे : संख्येची परिमितता ही मूल्यधारणेची पुरेशी अट नाही, लौकिक, निर्मात्याचे सातत्य, निःशंक कागदपत्रे आणि चढाओढ करणारे ग्राहक ही चारही अंगे जुळली तरच थोड्या गाड्यांची किंमत टिकते. त्या कोणत्या, हे बहुधा कित्येक वर्षांनी कळते. ज्याला क्रीडामोटार हवी आहे त्याने ती हौस म्हणून, हौसेपुरत्या पैशातून घ्यावी. पिढीची पुंजी मात्र तीत घालू नये.