परदेशवारीतला लेओव्हर : वऱ्हाडातील प्रवाशांसाठी

मार्ग : अमरावती-अकोल्याहून परदेशी जाणारे प्रवासी मुंबई किंवा नागपूर गाठतात. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. नागपूरहून दोहा आणि शारजाला थेट विमाने गेली आहेत. तिथून पुढचे विमान मिळेपर्यंतचा मुक्काम म्हणजे लेओव्हर.

सामान : पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असल्यास मोठ्या बॅगा सहसा थेट अंतिम मुक्कामी जातात. वेगवेगळी तिकिटे असल्यास त्या मध्येच घ्याव्या लागू शकतात आणि त्यासाठी त्या देशाच्या व्हिसाचीही गरज पडू शकते.

वेळ : दोह्याचे घड्याळ भारताच्या अडीच तास, तर शारजाचे दीड तास मागे असते. बोर्डिंग पासवरील वेळ स्थानिक असते. गेट विमान सुटण्याआधीच बंद होते.

विरंगुळा : दोह्याच्या हमद विमानतळावर ‘ऑर्चर्ड’ ही झाडांची अंतर्गत बाग २०२२ मध्ये खुली झाली. पिवळ्या अस्वलाचे भव्य शिल्प, मुलांची खेळण्याची जागा आणि शांत विश्रांतिकक्षही या विमानतळावर आहेत. दर दोन तासांनी थोडे चालल्यास पायांची सूज कमी होते.

शिदोरी : तेलाचे लोणचे, पातळ पदार्थ मोठ्या बॅगेत, औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवावी. शारजा ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे; ती कोणत्याच बॅगेत नेऊ नये.

ज्येष्ठांसाठी : व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.