दुसऱ्या नावाचा जर-तर

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आजकाल आपला उपाध्यक्ष स्वतःच ठरवतो. पक्षाचे अधिवेशन त्या नावावर शिक्का मारते, एवढेच. या जोडीदाराला तिकडे ‘रनिंग मेट’ म्हणतात. निवड बहुतांशी एका माणसाच्या मर्जीची, तीही ऐन धामधुमीत होणारी. त्यामुळे ‘याच्या जागी तो असता तर?’ हा तिथल्या राजकीय गप्पांचा हुकमी विषय. १९४४ साली रूझवेल्ट यांच्या जोडीला हेन्री वॉलेस यांच्याऐवजी हॅरी ट्रूमन आले. ट्रूमन उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस होतात न होतात तोच रूझवेल्ट वारले आणि अणुबाँबचा निर्णय ट्रूमन यांच्या पुढ्यात आला. वॉलेस यांनी काय केले असते, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

काही जर-तर मात्र आकड्यांत बसतात. राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकाने आपल्याच राज्यातल्या दोघांना ही दोन्ही पदे देऊ नयेत, असे अमेरिकी राज्यघटना सांगते. २००० साली जॉर्ज बुश टेक्सासचे आणि डिक चेनी राहायला डॅलसमध्ये, म्हणजे टेक्सासातच. उमेदवारी जाहीर होण्याच्या काही दिवस आधी चेनींनी मतदारयादीतले आपले नाव वायोमिंगला हलवले. वरवर कारकुनी वाटणारी ही गोष्ट. पण निकालात त्यांना निर्वाचकांची २७१ मते पडली, बहुमताला २७० लागत होती आणि त्यांत टेक्सासची ३२ होती. ती बाद झाली असती, तर चेनींची मते २३९ वर आली असती. प्रतिस्पर्धी लीबरमन यांनाही २६६ च होती. मग उपाध्यक्ष निवडण्याचे काम सिनेटकडे गेले असते, आणि नव्या सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे बळ ५०-५० असे समसमान होते.

अमेरिकेचा हा हिशेब भारतात जसाच्या तसा लागू पडत नाही. इथे जोडीने उमेदवारी नसतेच. राष्ट्रपतीला खासदार आणि आमदार निवडतात, उपराष्ट्रपतीला फक्त खासदार, तेही वेगळ्या निवडणुकीत. राष्ट्रपतीचे निधन झाले तर उपराष्ट्रपती उरलेली मुदत पुरी करत नाही. सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. इथले जर-तर अडकते ते मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या पसंतीत.

१९६९ साली राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर झालेल्या निवडणुकीत ते दिसले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरींकडे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख : रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. विजयाला ४,१८,१६९ हवी होती. देशमुख तिसरे आल्याने बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी नावे मोजली गेली. त्यांतली बहुतेक रेड्डींच्या पारड्यात पडली. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. म्हणजे गिरींच्या बाजूचे अवघे तेरा खासदार रेड्डींकडे वळले असते, तर निकाल फिरला असता. पुढे झालेली काँग्रेसची फूट कदाचित टळली नसती, पण इंदिराबाईंना ती विजयाच्या बळावर पेलता आली नसती.

२००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या शर्यतीत एक मराठी माणूस होता. सुशीलकुमार शिंदे यांना ३०५ मते पडली, भैरोंसिंह शेखावत यांना ४५४. संसदेतले बळ पाहता निकाल आधीच दिसत होता. इथे तेरा मतांचा खेळ नव्हता. मात्र हरलेले शिंदे जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. जिंकले असते, तर ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली असती. शेखावत २००७ मध्ये राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. त्या वेळी आधी शिवराज पाटील यांच्या नावाची चर्चा होती. डाव्यांना ते नको होते. अखेर जळगावच्या प्रतिभाताई पाटील पुढे आल्या आणि ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मूल्याच्या मतांनी निवडून आल्या.